मोत, हाय, बा!

मी सांगते त्यातलं निम्मं खरं असतं असं रोह्यातली माणसं म्हणतात, आणि पेणची म्हणतात की निम्मं म्हणणं हा रोहेकरांचा मोठेपणा झाला. म्हणोत. या प्रकरणातलं सगळं खरं आहे. फक्त त्या रिॲक्टरचं वजन मी सांगताना दरवेळी थोडं वाढतं, त्याला माझा इलाज नाही. लोखंड आहे, गंजून फुगत असेल.

आम्ही मूळचे पेणच्या खाडीकडचे. बाबांची खलाशांची टोळी होती. खलाशी म्हटलं की लोकांना बोट आठवते, पण आमचे खलाशी जमिनीवरचे. जिथे क्रेन पोचत नाही तिथे दोर, कप्प्या, पहारी आणि लाकडी ओंडके घेऊन जायचं आणि हत्तीच्या वजनाचं यंत्र मांजराच्या पावलांनी जागेवर नेऊन बसवायचं, हा त्यांचा धंदा. बाबा मुकादम. त्यांच्या तळव्यांना दोराचे असे घट्टे पडले होते की गरम तवा उतरवायला त्यांना फडकं लागत नसे. मी स्वतः पाहिलंय, तवा लाल होता. बरं, लालसर. धाटावला एकामागून एक कारखाने उभे राहायला लागले तेव्हा रोज पेणहून ये-जा करण्यात अर्धा जीव जायचा, म्हणून आम्ही रोह्यात कुंडलिकेच्या बाजूला भाड्याचं घर घेतलं आणि आईने पडवीत खानावळ काढली. त्या घराला घड्याळ नव्हतं, कंपनीचा भोंगा होता. पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला की तांदळाच्या भाकऱ्यांचा थप-थप आवाज सुरू व्हायचा, दुसऱ्या शिफ्टला वालाचं बिरडं उतरायचं, आणि तिसऱ्या शिफ्टची माणसं जेवून मोटरसायकलींना किक मारून गेली की मांजर जेवायचं. सुकटीचा वास आमच्या कपड्यांना इतका मुरला होता की कॉलेजात माझ्या बाकावर कोणी बसायचं नाही, आणि मला पाय पसरून बसता यायचं.

एका वर्षी थंडीच्या तोंडाला धाटावच्या एका कारखान्यात जपानहून रिॲक्टर आला. रिॲक्टर म्हणजे रसायन शिजवायचा पोलादी हंडा. आमच्या घरचा हंडा मी आणि आई दोघी मिळून उचलायचो. याच्यात आमचं घर मावलं असतं, पडवीसकट. तो बसवायला एक जपानी साहेब आले आणि त्यांच्याबरोबर व्हिएतनामचे आठ-नऊ फिटर. परदेशी माणसं काय खातील या काळजीने कारखान्याच्या मॅनेजरने त्यांना आधी हायवेवर खांब गावाकडच्या एका हॉटेलात जेवायला धाडलं. तिथे पनीर खाऊन खाऊन त्यांचे चेहरे पनीरसारखे झाले, तेव्हा कुणीतरी आईचं नाव घेतलं.

साहेब पडवीत आले ते बूट काढून, बुटांची तोंडं दाराकडे वळवून ठेवून. आईला तिथेच आवडले.

"नाव काय गो यांचं?" आईने मला विचारलं. बारावीपर्यंत इंग्रजी शिकलेली मी, म्हणून परराष्ट्र खात्याची मंत्री मीच.

मी विचारलं. साहेब कमरेत वाकून म्हणाले, "हायाशी."

"हाय अशी? अशी म्हंजे कशी हाय?"

"हायाशी," साहेब पुन्हा वाकले.

"बरं बाबा, जशी हाय तशी हाय. बस जेवायला."

पुढचे चार दिवस तो माणूस आमच्याकडे जेवला आणि वाळत गेला. आई भाकरीचं टोपलं घेऊन यायची, "वाढू?" म्हणायची, आणि ते मान हलवून म्हणायचे, "हाय." हाय म्हणतोय, म्हणजे ताटात हाय, असं समजून आई पुढच्या ताटाकडे जायची. पाचव्या दिवशी माणूस वालाच्या शेंगेत मावेल इतका झाला, तेव्हा फिटरांमधल्या लानने खुलासा केला की जपानीत हाय म्हणजे 'हो'. आईने कपाळावर हात मारून घेतला आणि त्या दिवशी त्यांना असं वाढलं की उठवायला दोन माणसं लागली. गंमत म्हणजे 'नाय' मात्र त्यांच्यात आणि आमच्यात एकच निघालं. जपानात नाय म्हणजे नाय, रोह्यातही नाय म्हणजे नाय. मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं की जपानी ही आपल्या खाडीचीच बोली आहे, भरतीला वाहत गेलेली. आणि अशा रीतीने मी दुभाषी झाले. तेव्हाच्या फोनला नुसती बटणं होती. आता भाचीची पोरगी फोनपुढे बोलते आणि फोन जपानीत उत्तर देतो, पण तो फोन कुणाला उपाशी ठेवत नाही, मग त्यात मजा कसली?

ही लान म्हणजे त्या फिटरांची प्रमुख. आमच्याकडे बारक्या पोराला 'लान' म्हणतात आणि ही होतीही माझ्या खांद्याएवढी, पण वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढला की आठही बाप्ये चिडीचूप. जपानात हायाशींच्या कारखान्यात कित्येक वर्षं काढून ती आली होती. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं एकमेकींना सगळं कळायचं. हायाशी जपानीत सांगायचे, ती तिच्या पोरांना व्हिएतनामीत आणि मला इंग्रजीत सांगायची, मी टोळीला आमच्या भाषेत. एक 'स्क्रू आवळ' हा निरोप तीन देश फिरून यायचा, आणि येईपर्यंत स्क्रू गंजायचा.

संध्याकाळी पडवीत ती आपल्या गावाच्या गोष्टी सांगायची आणि बाबा मांडी बदलत ऐकायचे. हायाशींच्या गावातली तरुण पोरं मोठ्या शहरात निघून गेली, कारखान्यात माणूस राहिना. लानच्या गावात माणूसच माणूस, पण कारखाना नाही. मग हिच्या गावची पोरं तिकडे जायला लागली. सगळ्यांनाच काही हायाशींसारखे साहेब मिळाले नाहीत. लानचा पहिलाच मुकादम दिवसभर ओरडायचा, आणि पहिल्या बर्फात ती वेल्डिंगच्या मुखवट्याआड रडायची, कारण तिथे कुणाला दिसत नाही. हायाशींनी मात्र रोज एक व्हिएतनामी शब्द शिकायचा नेम केला, ते हिच्या गावच्या लग्नांना गेले, तिथे भसाड्या आवाजात गायले. लानचा भाऊ तिकडून परतला तो काम शिकून, आणि हायाशींनी त्याला आपलं जुनं लेथ मशीन बोटीने पाठवून दिलं. आता त्या गावात शेड आहे, तिथे बनलेले भाग हायाशींचाच कारखाना विकत घेतो. म्हणजे एक गाव माणसं देतं, दुसरं हुन्नर देतं, आणि दोन्ही गावांत दिवा लागतो.

बाबा पुन्हा मांडी बदलून म्हणाले, "आपला मानूस मुंबईला गेला का गनपतीला येतो, आन जाताना पापड घेऊन जातो. यांचा जातो तो येताना लेथ घेऊन येतो."

आईला त्या लेथपेक्षा लानच्या बाटलीत रस. लानने गावाहून माशाच्या पाण्याची बाटली आणली होती, तिचं झाकण उघडलं तर शेजारच्या मांजरांनी सभा भरवली. आईने हुंगून बघितलं आणि म्हणाली, "ही तर आपल्याच खाडीतली हाय." दुसऱ्या दिवशी आईने अंगणात तांदळाच्या फेण्या वाळत घातल्या, त्या बघून लान धावतच आली. तिची आई अस्सेच तांदळाचे पातळ पापड बांबूच्या तट्ट्यांवर वाळवते म्हणे. मग दोघी उन्हात बसून फेण्या उलटत होत्या, एक मराठीत बोलत होती, एक व्हिएतनामीत, आणि मला मध्ये कुणी विचारलं नाही. माझा धंदाच बुडवला दोघींनी.

तर रिॲक्टर. तो जिथे बसायचा ती शेड छप्पर घालून तयार होती, आत क्रेन शिरत नव्हती. मॅनेजरचं म्हणणं, मुंबईची टोळी आणा, छप्पर कापा, मोठी क्रेन लावा. हायाशींनी आमच्या माणसांचे तळवे एकेक करून उलटे करून बघितले आणि म्हणाले, हीच माणसं ओढतील. मागून आणखी यंत्रं यायची होती. पहिला हंडा नीट बसला तर पुढे कित्येक महिने काम टोळीचंच. नाही बसला तर टोळी मोडून सगळे परत पेणला, गणपतीच्या कारखान्यांत माती मळायला. बाबांनी हे सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. हंडा ओढायच्या दिवशी टोळीतल्या प्रत्येकाच्या घरी देवाजवळ निरांजन होतं.

एका बाजूचा दोर व्हिएतनामी पोरांच्या हातात. दुसऱ्या बाजूचा भिंतीपलीकडे, आमच्या टोळीच्या हातात. भिंतीआडून काही दिसत नाही, तेव्हा सगळं आवाजावर. लान तीन मोजणार, तिसऱ्याला दोन्हीकडून एकदम ओढायचं. मी बाबांना सांगितलं, "तिसऱ्याला." कुठल्या भाषेतलं तिसरं, हे कोणीच विचारलं नाही. तीन म्हणजे तीन, त्यात काय विचारायचं?

दोर ताणले. रिॲक्टर ओंडक्यांवर किंचित हलला. शेडमध्ये चिमणी सुद्धा बोलेना. लानने छाती भरून घेतली आणि खणखणीत आवाजात ओरडली,

"मोत्! हाय! बा!"

भिंतीपलीकडे आमचे दामूकाका पुढच्या टोकाला होते. बाबांचा उजवा हात. त्यांनी ऐकलं ते असं: मोत हाय, बा! मौत आहे, बापा! एवढ्या स्पष्ट मराठीत कुणी आजवर त्यांना धोक्याची सूचना दिली नव्हती. "पळा!" म्हणून दामूकाकांनी दोर सोडला आणि टाकलेली उडी अशी, की कारखान्याच्या कुंपणापलीकडे पडले. बाकीच्यांनीही सोडला. दोराला खुंटाभोवती वेढा होता म्हणून तो वीतभरच सरकला. पण तिकडून व्हिएतनामी पोरांनी 'बा'ला इमानदारीत ओढलं होतं. हंडा लग्नातल्या दारुड्यासारखा कलला आणि खांबाला घासला. सिमेंटचा ढलपा पडला. कुणाला खरचटलं सुद्धा नाही, पण ते टपकन पडलेलं सिमेंट सगळ्या धाटावने ऐकलं.

मॅनेजर आला. "दोर सोडला? खलाशी दोर सोडतो?"

बाबांनी आयुष्यात दोर सोडला नव्हता. ते एवढंच म्हणाले, "मोत हाय, आसं वराडली ती."

"कोण मेलं? कुठे आहे मौत?" मॅनेजरने हात झटकले. "उद्या दुपारी क्रेन येईल. मुंबईची माणसं येतील. तुमची टोळी नको."

बाबा त्या संध्याकाळी जेवायला बसले नाहीत, आणि आमच्या घरात हे म्हणजे धरण फुटल्यासारखं. टोळी पडवीच्या कडेला बसून राहिली. आत लान मान खाली घालून आपल्या पोरांना भाकऱ्या वाढत होती, आणि वाढता वाढता पुटपुटत होती, "मोत्, हाय, बा..."

दामूकाकांच्या हातातला पेला तसाच राहिला. "बघा! बघा परत म्हनाली! जेवनात काय हाय का काय?"

मी लानचं मनगट धरलं. पुन्हा म्हण, म्हटलं. तिने एक भाकरी उचलली: मोत्. दुसरी: हाय. तिसरी: बा. मग बोटं दाखवली. एक, दोन, तीन.

मी टोळीला सांगितलं. दामूकाकांनी स्वतःची बोटं पुन्हा मोजून बघितली. मग आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हंजे ही पोर इतके दिवस माझ्या घरात भाकऱ्या नाय, मयत मोजत होती? आन हिच्या गावात पोरं शाळेत पाढे म्हनतात का टाहो फोडतात?"

जे हसू फुटलं त्याने कौलं सरकली. मी लानला समजावलं, तिने तोंडावर हात नेला, मग तीच सगळ्यात जास्त हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिने हायाशींना जपानीत सांगितलं. ते गंभीरपणे ऐकत म्हणाले, "हाय," आणि मग आपण काय म्हणालो ते ध्यानात येऊन त्यांनी तोंड दाबून धरलं. आमच्याकडे हाय म्हणजे आहे, जपानात हाय म्हणजे हो, व्हिएतनामात हाय म्हणजे दोन. एका शब्दावर तीन देश उभे, आणि त्याच शब्दावर आम्ही हंडा उचलायला निघालो होतो!

बाबा हसले नाहीत. "हसनं ऱ्हाऊ दे. दोर सुटला तो सुटलाच."

हायाशींनी ते न सांगताच ओळखलं. ते बाबांच्या समोर जमिनीवर बसले आणि लानच्या तोंडून, मग माझ्या तोंडून म्हणाले: क्रेन दुपारी येईल. सकाळ आपली आहे. पण शब्द नवा हवा.

मग शब्दाची शोधाशोध. हायाशी म्हणाले, आम्ही ओढताना 'सेऽनो' म्हणतो. दामूकाका उठून बसले. "शेन? शेनाचं नाव घेऊन मी दोराला हात लावनार नाय." लान म्हणाली, आमच्याकडे 'यो' म्हणून ओढतात. "यो? कंचा यो?" टोळीतल्या चौघांनी चार दिशांना बघितलं, कारण आमच्या खाडीकडे यो म्हणजे 'हा'. बाबा म्हणाले, आपलं 'हैय्या' बरं. त्यातही हाय निघाला.

मी कबड्डी खेळायचे हे सांगायचं राहिलंच. नुसती खेळायचे नाही, पेणपासून रोह्यापर्यंत माझ्या दमाला तोड नव्हती. पेणच्या मैदानावर मी घेतलेला दम जित्याच्या स्टेशनावर सुटायचा, असं लोक म्हणायचे. लोक म्हणजे मी. तर मी म्हटलं, शब्द कशाला? दम लावू. मी दारात उभी राहते, मला आत दिसतं आणि भिंतीपलीकडे माझा आवाज जातो. मी 'कबड्डी कबड्डी' म्हणत असेन तोवर ओढायचं. आवाज तुटला की हात थांबला. मोजायचं नाही, अर्थ लावायचा नाही.

हायाशींचे डोळे चमकले. "काबाद्दी!" त्यांनी टीव्हीवर बघितली होती. लानच्या दोन पोरांनीही मांड्या थोपटल्या.

दामूकाकांनी नाक मुरडलं. "बायमानसाच्या दमावर टोळी?"

"तुझ्या दमाला भाकरीचा घास पुरत नाय," आई आतून म्हणाली, "बस खाली."

सगळे बाबांकडे बघत होते. बाबा माझ्याकडे बघत होते. "मधीच दम तुटला तर?" एवढंच विचारलं त्यांनी.

"तर हात थांबतील, बाबा. त्याच्यासाठीच तर दम."

बाबांनी ताट ओढलं आणि भाकरी मोडली.

सकाळी मी शेडच्या दारात उभी राहिले. डावीकडे लानची पोरं, उजवीकडे भिंत आणि भिंतीपलीकडे माझा बाप. समोर हायाशी, हात वर. त्यांचा हात खाली आला आणि मी सुरू केलं. कबड्डी कबड्डी कबड्डी. हंडा निघाला. हायाशींची मूठ वळली, मी तोंड मिटलं, आणि दोन्हीकडचे दोर एका क्षणी थांबले, जणू एकाच माणसाचे दोन हात. पुन्हा दम, पुन्हा मूठ. खांब गेला, पाया आला. आता शेवटचं. पायातून वर आलेल्या बोल्टांवर हंडा एका ओढीतच यायला हवा होता. मध्ये थांबला तर बोल्टांचे आटे चिरडले जाणार. जेवढं अंतर, तेवढा माझा दम.

घेतला. कबड्डी कबड्डी. अर्ध्यात छाती जळायला लागली. पाऊण अंतरावर कानात भोंगा वाजला, कंपनीचा नव्हे, माझाच. डोळ्यांपुढे अंधार आला, त्यात पेणचं मैदान आलं, पेणचं स्टेशन गेलं, पुढची सगळी स्टेशनं गेली, रोहा गेलं, रूळ संपले तरी मी म्हणतच होते. आवाज माझा राहिला नव्हता, नुसता घासल्यासारखा येत होता. पण भिंतीपलीकडे एक हात सुद्धा सैल पडला नाही. हायाशींची मूठ मिटली. मी तोंड मिटलं.

हंडा बोल्टांवर बसला तो असा, जशी आईची भाकरी तव्यावर. आवाजच नाही.

मग भिंतीपलीकडून टोळी आली. दामूकाका आले आणि माझ्यापुढे उभे राहून त्यांनी मांडी थोपटली. हायाशी बाबांसमोर गेले आणि कमरेत वाकले. बाबांना वाटलं आपणही वाकावं. ते वाकले. मग हायाशी आणखी वाकले. मग टोळी वाकली, व्हिएतनामी पोरं वाकली, आणि आधी उठायचं कोणी हे कुणालाच ठाऊक नसल्याने सगळे तसेच. एवढ्यात आई डबे घेऊन आली.

"काय रं, काय सांडलं? सगलेच शोधताय ते?"

मॅनेजर धावत आला तो क्रेनवाल्याला नको म्हणून फोन करतच. त्याने हंड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, पायाजवळ वाकून बघितलं, बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघून बाबांना विचारलं, "ओरडत होती ती हीच ना? ही तर डबे आणणारी. ही कोण?"

मला आयुष्यभर 'ये पोरी', 'गो कुंदे' म्हणून हाक मारणाऱ्या माझ्या बापाने खांद्यावरचा दोर नीट केला.

"ही नाय, साहेब," ते म्हणाले. "ह्या. ह्या आमच्या मुकादम."

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. टोळीकडे आज स्वतःची क्रेन आहे. तरी धाटावच्या गेटवर कुणी नवखा माझ्याकडे बोट दाखवून 'ही कोण' म्हणालाच, तर मी रागावत नाही. मी मागे वळून बघते, माझ्यामागून कोण बाई आली म्हणून.